उपयोजित कलेची पदवी : दाखल्यांच्या रांगेपासून शेवटच्या ज्युरीपर्यंत

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझे पदवी प्रमाणपत्र हातात आले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली धावपळ तेव्हा पूर्ण झाली. पदवी बॅचलर ऑफ फाइन आर्टची, विषय उपयोजित कला. यालाच पूर्वी कमर्शियल आर्ट म्हणत आणि आता बहुतेक लोक ग्राफिक डिझाइन म्हणतात. या सव्वापाच वर्षांत 'हे कोणीतरी आधी सांगितले असते तर' असे मला ज्या ज्या वेळी वाटले, त्या सगळ्या गोष्टी येथे क्रमाने लिहीत आहे. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आणि घरात कोणी कलाशिक्षण घेतलेले नसताना या वाटेला लागणाऱ्यांसाठी हे लेखन आहे.

माझ्या वडिलांचा बार्शीत लहान छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि दुकानांची बिलबुके हे तेथले रोजचे काम. ट्रेडल मशीन, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, माझ्या जन्माआधीच बंद पडले होते, पण खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, पेट्या अजून भिंतीशी होत्या आणि शिशाची उलटी अक्षरे वाचणे हा माझा लहानपणीचा खेळ होता. आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा मी दिल्या. आमच्या कलाशिक्षकांनी त्याच वेळी सांगितले की मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला, त्यातूनच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि आता हे शिक्षण राज्यातल्या इतरही कला महाविद्यालयांत मिळते. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात, आणि त्यानंतर राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हे सर्व मला अकरावीत माहीत झाले होते. माहीत नव्हते ते कागदपत्रांचे.

मी इतर मागास प्रवर्गातली आहे. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीच्या दाखल्याखेरीज जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचे नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. यांपैकी शेवटची दोन सेतू केंद्रातून अर्ज केल्यावर आम्हाला तीन आठवड्यांत मिळाली. नॉन क्रिमिलेअरची मुदत मात्र नीट पाहावी. प्रवेशाचे वर्ष ज्या ३१ मार्चला संपते, त्या तारखेपर्यंत ते वैध असले पाहिजे, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीला केवळ या तारखेमुळे पहिल्या फेरीत खुल्या प्रवर्गातून जावे लागले.

खरी प्रतीक्षा वैधतेची. आमच्या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा सर्वांत भक्कम मानतात. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला त्यानंतरचा होता आणि आजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी माझ्या काकांनी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, पाहण्यासाठी अर्ज केला. चौथ्या खेपेला १९४१ सालची आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. ती मोडी लिपीत होती. मोडी वाचकाकडून तिचे देवनागरी लिप्यंतर करून घेण्यासाठी ९०० रुपये आणि बारा दिवस लागले. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, लिप्यंतर आणि कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र जोडून १९ डिसेंबर २०१८ रोजी आम्ही सोलापूरच्या जात पडताळणी समितीकडे अर्ज दिला आणि प्रमाणपत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाले. ज्यांना बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे आहे, त्यांनी हा अर्ज अकरावीतच करावा असे मी आग्रहाने सांगेन. चित्रकलेचा सराव दोन महिन्यांत वाढवता येतो, पण समितीसमोरची तारीख आपल्या हातात नसते.

प्रवेश परीक्षा मे २०१९ मध्ये पुण्यात झाली. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे तिचे स्वरूप होते. इंटरमिजिएट दिलेल्या विद्यार्थ्याला यातले काहीच परके वाटत नाही, पण वेळ फार कमी वाटतो. मी मार्च ते मे रोज सकाळी एक वस्तुचित्र घड्याळ लावून काढत असे: पितळेचा तांब्या, काचेची बाटली, घडी घातलेला पंचा, कांदे. काचेवरचा प्रकाश आणि कापडाच्या घड्या या दोनच गोष्टींवर माझा बहुतेक सराव खर्च झाला आणि तो योग्य ठरला. स्मरणचित्रासाठी बार्शीच्या एसटी स्थानकात बसून माणसांच्या बसण्या-उभे राहण्याच्या झटपट रेषा काढल्या. परीक्षेत माणूस कोणत्याही विषयात येतोच. सामान्यज्ञानाच्या भागाकडे मी दुर्लक्ष केले, आणि गुणपत्रिकेत ते स्पष्ट दिसले. जे विद्यार्थी हाताने चांगले काम करतात, त्यांनी कलेचा इतिहास, रंगसिद्धान्त आणि छपाईच्या पद्धती यांसाठी महिनाभर तरी द्यावा.

बारावीचा निकाल २८ मे २०१९ रोजी लागला. त्यानंतर ऑनलाइन अर्ज, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम अशी केंद्रीय प्रवेशाची साखळी सुरू झाली. गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. पसंतीक्रम भरताना मी पहिली तीन नावे मनापासून दिली आणि उरलेली घाईत दिली. ती चूक होती, कारण पहिल्या फेरीत माझे नाव नव्हते आणि दुसऱ्या फेरीत नेमके घाईत भरलेल्या नावांपैकी एक महाविद्यालय मिळाले. सुदैवाने ते चांगले निघाले. पण यादीतल्या प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क, वसतिगृह आणि शेवटच्या वर्षी कोणते ऐच्छिक विषय शिकवतात हे आधी विचारून घ्यावे, कारण छायाचित्रण, चित्रकथन, अक्षरमुद्रण हे सर्व विषय सगळीकडे नसतात.

मला मिळालेले महाविद्यालय मुंबईतले, विनाअनुदानित होते आणि पहिल्या वर्षाचे शुल्क ६८ हजार रुपये होते. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आल्यामुळे शिक्षण शुल्काची निम्मी सवलत शासनाच्या शिष्यवृत्तीतून मिळणार होती, पण ती रक्कम नंतर येते आणि महाविद्यालयाला पैसे आधी द्यावे लागतात. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरलेल्या अर्जाचे पैसे मला पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आले, आणि तेही बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याचे डिसेंबरमध्ये लक्षात आले म्हणून. हे जोडणीचे काम प्रवेशाच्या आधीच करावे. आता परिस्थिती बदलली आहे: २०२४-२५ पासून, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरते. पालकांनी केवळ शुल्काचा आकडा पाहून मुलीला मागे ठेवू नये.

शुल्काची तयारी आम्ही केली होती. साहित्याच्या खर्चाची केली नव्हती. इंपीरियल आकाराचे कागद, माउंटबोर्ड, पोस्टर रंग, कुंचले, ड्रॉइंग बोर्ड, कटर आणि मोठी पोर्टफोलिओ बॅग यांवर पहिल्या चार महिन्यांत माझे ११ हजार ४०० रुपये गेले. डोंबिवलीत चार मुलींबरोबर घेतलेल्या खोलीचे भाडे महिन्याला ३ हजार २०० होते. गर्दीच्या लोकलमध्ये २२ बाय ३० इंचांचे बोर्ड नेता येत नाहीत हे पहिल्याच आठवड्यात कळले, आणि सबमिशनच्या दिवशी मी सकाळी पावणेसहाची गाडी पकडू लागले. खर्च कमी झाला तो वडिलांमुळे. ते कुर्डुवाडीहून मुंबईला येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर छापखान्यातल्या कापलेल्या कागदाचे गठ्ठे पाठवत, आणि माझे सगळे कच्चे आराखडे त्यावरच झाले. चांगला कागद फक्त अंतिम कामासाठी वापरावा. शिक्षक कच्च्या कामात विचार पाहतात, कागदाचे वजन पाहत नाहीत.

पहिल्या वर्षी सर्वांत जड गेली ती भाषा. शिक्षक मराठी बोलत, पण विषयाचे शब्द सगळे इंग्रजी. स्पेसिंग, ग्रिड, हायरार्की, निगेटिव्ह स्पेस हे शब्द इतर मुले सहज वापरत आणि मी त्यांचा अर्थ वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेत असे. या पानावरचा प्रत्येक शब्द मी रात्री फोनवर वडिलांना सांगत असे, आणि बरेचदा त्यांच्याकडे त्यासाठी छापखान्यातला शब्द किंवा निदान एखादी कृती निघे. दोन अक्षरांमधली मोकळी जागा कमी-जास्त करण्याबद्दल सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आपण खिळ्यांमध्ये कागदाची पट्टी सरकवायचो, तेच." त्या दिवसापासून मला वर्गात बसण्याची भीती उरली नाही.

देवनागरी सुलेखनाचा पहिला तास मला तारखेसह आठवतो, १४ सप्टेंबर २०१९. बोरू, म्हणजे तासून केलेली लेखणी, तासताना त्याची जीभ रोमन अक्षरांसाठी जशी तिरकी कापतात, त्याच्या उलट बाजूने देवनागरीसाठी कापावी लागते, कारण जाड आणि बारीक रेषा वेगळ्या ठिकाणी पडतात. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे राहते आणि आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. त्यामुळे वेलांटी, मात्रा आणि रफार यांना वर, आणि उकार व जोडाक्षरांना खाली जागा ठेवून मगच दोन ओळींतले अंतर ठरवावे लागते. त्याच महिन्यात शिक्षकांनी मोडीचा एक नमुना फळ्यावर लावला आणि सांगितले की मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग हात न उचलता खाली अक्षरे लिहीत जात. मी माझ्या फाइलमधली आजोबांच्या जन्मनोंदीची प्रत दुसऱ्या दिवशी वर्गात नेली. वर्षभर तिच्याकडे मी केवळ अडथळा म्हणून पाहिले होते. त्या दिवशी एका अनामिक कोतवालाचा वेगवान, सरावलेला हात मला त्या ओळींत प्रथमच दिसला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी अर्धवट कामांसह बार्शीला परतले. दुसरे वर्ष संपूर्ण ऑनलाइन झाले. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: मोबाइलवर व्याख्याने, कामाचे फोटो पाठवणे, आणि रंग प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा दिसणे. मात्र छापखानाही बंद असल्याने वडील मोकळे होते आणि आम्ही दोघांनी खिळ्यांच्या पेट्या उघडून, घासून, सहा आकारांतल्या प्रत्येक अक्षराचा ठसा कागदावर घेतला. तो संच पुढे माझ्या पोर्टफोलिओचा, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहाचा, पहिला भाग झाला. संगणक मी याच वर्षी घेतला, जुना लॅपटॉप, ३६ हजार रुपयांना. पहिल्या वर्षी लॅपटॉपची गरज नसते. हाताने करायचे कामच पुष्कळ असते.

तिसऱ्या वर्षी, २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये उघडली. लोकलच्या पासासाठी लशीच्या दोन मात्रा होऊन चौदा दिवस झालेले असावे लागत, आणि माझी दुसरी मात्रा उशिरा झाल्याने पहिले दोन आठवडे मी बसने गेले. या वर्षी खरा संगणक शिकलो. मराठी मजकूर मांडणाऱ्या प्रत्येकाला येणारी अडचण येथे सांगते: बऱ्याच मांडणी सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, नाहीतर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. इनडिझाइनमध्ये त्याला वर्ल्ड रेडी कंपोझर म्हणतात. पैसे नसतील तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नीट दाखवते, आणि मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त, बलू यांसारखे मुक्तपणे वापरता येणारे टंक (फाँट) उपलब्ध आहेत. आणखी एक गोष्ट. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी ल आणि श यांची विशिष्ट रूपे प्रमाण ठरवली आहेत, पण अनेक टंकांत हिंदी वळणाची रूपे आधी येतात. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की काही टंकांत ही रूपे आपोआप बदलतात. हे माहीत असलेला विद्यार्थी छापील कामात वेगळा उठून दिसतो.

चौथ्या वर्षी वर्षभराचा प्रकल्प स्वतः निवडायचा होता. बहुतेक जण एखाद्या वस्तूची किंवा संस्थेची जाहिरात मोहीम करतात. मी विषय दिला तो दाखल्यांचा: बारावीनंतर प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता कागद कोठून, किती दिवसांत मिळतो हे सांगणारे मराठी माहितीपत्रक. मार्गदर्शकांना तो विषय लहान वाटला आणि मंजुरीला पाच आठवडे लागले. तीन वेळा लेखी टिपण द्यावे लागले. तिसऱ्या वेळी मी युक्तिवाद कमी केला आणि माझ्या फाइलमधले सतरा कागद मिळालेल्या तारखांसह टेबलावर क्रमाने मांडले. विषय मंजूर झाला.

पहिला आराखडा मी सहा रंगांत, घडीचा आणि फार सुबक केला होता. डिसेंबर २०२२ च्या सुटीत तो घेऊन बार्शीत दाखल्यांसाठी थांबलेल्या चौदा जणांना दाखवला आणि दोन दिवसांत त्यातले बहुतेक सगळे रद्द झाले. लोकांना घडी कशी उलगडायची हे समजेना. 'अधिवास प्रमाणपत्र' या शीर्षकावरून कोणाला अर्थबोध होईना. सगळे 'डोमिसाईल' म्हणत होते. खूण करण्यासाठी ठेवलेल्या चौकटीत लोक खूण न करता 'आहे' असे लिहीत होते आणि त्यासाठी जागा पुरत नव्हती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पत्रक हातात पडताच प्रत्येक जण समोरच्या दुकानात जाऊन त्याची झेरॉक्स काढून आणत होता आणि त्या झेरॉक्सची पुढे दुसरी झेरॉक्स निघत होती. तिसऱ्या प्रतीत माझ्या सगळ्या फिकट छटा नाहीशा झाल्या, बारीक रेषा तुटल्या, आणि लहान अक्षरांतले क्ष व ळ यांची पोटे, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, काळ्याने भरून गेली.

म्हणून दुसरा आराखडा काळ्या-पांढऱ्यात, ए-फोर आकाराच्या एकाच पानावर केला. मजकूर १४ पॉइंटमध्ये, अक्षरांची पोटे मोकळी राहतील अशा जरा जाड टंकात घेतला. शीर्षके लोकांच्या तोंडातली ठेवली आणि अधिकृत नाव खाली लहान अक्षरात दिले. 'आहे' लिहिता येईल एवढ्या चौकटी केल्या. आणि कागदांचा क्रम महत्त्वानुसार न लावता प्रतीक्षेनुसार लावला: ज्याला सर्वांत जास्त दिवस लागतात तो सर्वांत वर. असे सात आराखडे झाले. प्रत्येक आराखडा मी झेरॉक्सच्या चौथ्या पिढीपर्यंत नेऊन तपासला. माहितीपत्रकाची परीक्षा संगणकाच्या पडद्यावर होत नाही हे मी त्या हिवाळ्यात शिकले, आणि चार वर्षांत शिकलेल्या सगळ्यात मला ते अधिक मोलाचे वाटते.

ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याची शेवटची परीक्षा, एप्रिल २०२३ मध्ये झाली. दोन बाह्य परीक्षक होते. त्यांतल्या एकांनी विचारले की यात जाहिरातकला कोठे आहे. मी पहिला रंगीत आराखडा, त्याची चौथी झेरॉक्स, सातवा आराखडा आणि त्याची चौथी झेरॉक्स अशी चार पाने शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांना आपल्या घरच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला यातले कोणते द्याल असे विचारले. माझा आवाज थरथरत होता. त्यांनी चारही पाने वाचली, खरोखर वाचली, आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही केवळ रफाराच्या जाडीबद्दल बोललो. ज्युरीला जाणाऱ्यांनी टाकून दिलेले आराखडे घरी ठेवून जाऊ नयेत. अंतिम काम का योग्य आहे हे त्यांच्याशिवाय दाखवता येत नाही.

चौथ्या वर्षाचा एकूण खर्च, छपाई आणि प्रदर्शनाच्या मांडणीसह, शुल्क सोडून २९ हजार रुपये झाला. निकालासाठी अकरा आठवडे थांबावे लागले. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क असते आणि त्यात नावाचे मराठी लेखन स्वतः तपासावे लागते. माझ्या आईच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ एकदा दुरुस्त करावा लागला. मधल्या काळात मी पुण्यात पाठ्यपुस्तकांची मांडणी करणाऱ्या एका लहान स्टुडिओत कामाला लागले. तेथे प्रमाणपत्र कोणी मागितले नाही, पोर्टफोलिओ मात्र पानन् पान पाहिला.

माझा धाकटा भाऊ या जूनमध्ये अकरावीला गेला. वैधतेसाठी त्याचा अर्ज आम्ही लगेच भरला; वडिलांकडच्या सख्ख्या नात्यातले वैध प्रमाणपत्र पुरावा म्हणून जोडता येते, म्हणून माझ्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि आजोबांच्या मोडी नोंदीचे तेच लिप्यंतर त्याला जोडले आहे. अर्जाची पोचपावती छापखान्याच्या टेबलावर, काचेखाली ठेवली आहे. तिच्याशेजारी सातव्या आराखड्याचे पान आहे, आणि वडील त्याच्या प्रती मागणाऱ्यांना विनामूल्य काढून देतात.